क्लिप सैल होते, खिसा फाटतो, चाकू निसटतो: खिशाच्या क्लिपचे नेहमीचे त्रास आणि ते कुठून तपासायला लागायचं

घडीचा चाकू, छोटी टॉर्च, मल्टीटूल अशा रोज खिशात असणाऱ्या वस्तूंच्या क्लिपा मी इतक्या वेळा काढल्या, वाकवल्या आणि बदलल्या आहेत की आता कुणी "क्लिप त्रास देते" म्हटलं की मी आधी तो खिसाच दाखवायला सांगतो. क्लिप म्हणजे एक पट्टीची स्प्रिंग, तिला धरणारे दोन-तीन बारीक स्क्रू आणि मध्ये दाबलं जाणारं कापड. बिघाड या तिघांपैकी कुठेही असू शकतो, पण लोक पहिला हात घालतात तो पक्कडीला, आणि चांगली क्लिप वाकडी करून बसतात. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहितोय, फुकटातल्या तपासणीपासून सुरुवात करून.

लक्षणं

क्लिप बोटाने बाजूला ढकलली तर हलते, कधी बारीक टिक असा आवाज येतो.

खुर्चीत बसलं की चाकू हळूहळू वर सरकतो आणि उठताना निम्मा बाहेर आलेला असतो, किंवा मग तो गाडीच्या सीटच्या फटीतच सापडतो.

खिशाच्या कडेचे दोरे निघालेत, कापड विरलंय, पण फक्त एकाच जागी, क्लिपच्या टोकाएवढं.

अडकवताना दोन हात लागतात, काढताना अख्खा खिसा वर ओढला जातो.

थोडा वेळ जोर लावून काही कापलं की तळहातावर एकाच रेषेत लाल वळ उठतो.

गाडीच्या दारावर, खुर्चीच्या हातावर, टेबलाच्या कडेवर चरे पडतात, बरोबर कमरेच्या उंचीवर.

आणि एक वेगळंच, जे अजिबात अंगावर काढू नका: खिशात टॉर्च आपोआप पेटलेली सापडते, किंवा पातं किंचित उघडलेलं असतं. असं झालं असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी खाली पातं आणि टॉर्च यांच्याबद्दल लिहिलंय तिथे जा, आणि तोवर ती वस्तू खिशात ठेवू नका.

आधी खिसा बदलून बघा

याला काही लागत नाही. तीच वस्तू जाड जीन्सला लावा, मग पातळ सुती पँटला, मग ट्रॅकपँटला. जीन्सच्या खिशाची कड दुमडून शिवलेली असते, म्हणजे क्लिपच्या टोकाखाली कापडाचे तीन-चार थर येतात आणि स्प्रिंग चांगली ताणली जाते. पातळ पँटला तेवढी जाडीच मिळत नाही, म्हणून जी क्लिप जीन्सवर घट्ट बसते तीच तिथे लोंबकळते. क्लिप एका पँटवर नीट आणि दुसरीवर सैल असेल तर क्लिपमध्ये काहीच बिघडलेलं नाही, तिला वाकवू नका. वाकवली तर पातळ पँटला बरी बसेल आणि जीन्समध्ये शिरणारच नाही.

खिशातली जागाही बघा. बहुतेक लोक क्लिप खिशाच्या मधोमध लावतात, त्यामुळे हात आत घालताना दर वेळी ती वस्तू आडवी येते आणि धक्क्याधक्क्याने वर सरकते. मागच्या शिवणीला चिकटवून लावा, तिथे कापड जाड असतं आणि हातही मोकळा राहतो. आणि फोन त्याच खिशात ठेवत असाल तर तो दुसरीकडे न्या, स्क्रीनवर चरे पाडण्यात क्लिपच्या स्क्रूचा मोठा वाटा असतो.

मग साफसफाई

क्लिप आणि मूठ यांच्यामधल्या फटीत खिशातला कापूस, धूळ, घाम सगळं जाऊन बसतं. उजेडात आडवं धरून बघा, राखाडी रंगाची घट्ट वात दिसेल. या कचऱ्यामुळे दोन गोष्टी होतात. एक म्हणजे क्लिपचं टोक मुठीला पूर्ण टेकत नाही आणि पकड कमी होते. दुसरं म्हणजे कचरा घामाचा ओलावा धरून ठेवतो, मग क्लिपच्या खाली, स्क्रूच्या डोक्याभोवती गंज धरतो, स्टेनलेस असली तरी. टूथपिक आणि जुना टूथब्रश पुरतो. हे केल्याशिवाय पुढच्या तपासणीला जाऊ नका कारण स्क्रूच्या खाचेतही हाच कचरा असतो, आणि त्यामुळे बिट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं बारीक टोक, पूर्ण आत बसत नाही, आणि अर्धवट बसलेला बिट हेच स्क्रूचं डोकं मरायचं सगळ्यात मोठं कारण.

स्क्रू, कारण बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं

क्लिप हलत असेल तर दहा मिनिटांचं काम आहे पण घाई करू नका. घडीच्या चाकूंवर क्लिपचे स्क्रू बहुतेक टॉर्क्सचे असतात, सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखी खाच, आणि साइज साधारण टी६ किंवा टी८. टी६ चं टोक जेमतेम १.७ मिमी रुंद असतं आणि टी८ चं २.३. टी६ च्या खाचेत टी५ पण जातो आणि फिरतोय असंही वाटतं, आणि लोक १.५ मिमीची ॲलन की पण घुसवतात. तो एकदा फिरेल, दोनदा फिरेल, तिसऱ्यांदा खाचेच्या पाकळ्या गोल होतील आणि मग दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होईल. बिट खाचेत ठेवून हात सोडा, तो उभा राहिला पाहिजे आणि डगमगला नाही पाहिजे, तरच फिरवा. खालच्या दिशेने दाब जास्त, फिरवायचा जोर कमी. हँडलला दोन बोटं आणि अंगठा एवढंच लावायचं, मूठभर पकडलं की जोराचा अंदाज राहत नाही.

नुसतं आवळून महिनाभरात परत सैल होत असेल तर थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रूचे आटे जागेवर धरून ठेवणारा द्रव, लावायचा. एवढ्या बारीक स्क्रूला आटे अगदी थोडे धरतात, आणि क्लिप दिवसभर वाकते-सरळ होते, तो प्रत्येक हिसका स्क्रूला थोडा थोडा मागे फिरवतो. स्क्रू पूर्ण काढा, स्क्रू आणि भोक दोन्ही स्पिरिटने पुसा, तेलकट आट्यांवर थ्रेडलॉकर धरत नाही. मग निळा लावा, किंवा बारीक स्क्रूसाठी येणारा कमी ताकदीचा जांभळा. लाल लावू नका, तो सोडवायला साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं आणि तेवढ्या उष्णतेत मुठीचं वाटोळं होईल.

प्रमाण किती, तर टूथपिकच्या टोकाला चिकटेल तेवढंच, आणि तेही स्क्रूच्या टोकाकडच्या दोन आट्यांना. हे रसायन हवा नसेल आणि धातूचा स्पर्श असेल तिथेच घट्ट होतं, उघड्यावर आलेला थेंब तसाच ओला राहतो आणि वाहत जातो. तो पात्याच्या खिळीपर्यंत, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तिथपर्यंत, पोचला तर पातं जड चालायला लागेल. आवळून बाहेर आलेलं लगेच पुसा आणि २४ तास वस्तू तशीच ठेवा. इथे लोक अधीर होतात, तासाभरात खिशात टाकतात आणि आठवड्याने म्हणतात उपयोग झाला नाही.

मूठ प्लास्टिकची असेल आणि आटे थेट प्लास्टिकमध्येच असतील तर मात्र थ्रेडलॉकर नकोच, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. तिथे स्क्रूच्या आट्यांना नखाला लावायच्या पॉलिशचा बारीक थर लावून, पूर्ण वाळवून, मग बसवतो मी. ताकद कमी असते पण टिकाऊ निघालंय.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काही चाकूंमध्ये क्लिपचा स्क्रू आणि मुठीच्या बाजू धरणारा स्क्रू एकच असतो. क्लिपचा स्क्रू काढल्यावर मुठीची बाजू सुटी वाटली तर सगळे एकदम काढू नका, एक काढा, त्याचं काम करा, परत लावा, मग दुसरा.

खिसा फाटत असेल तर

यात क्लिपपेक्षा मुठीचा दोष जास्त असतो. हातातून सटकू नये म्हणून जी-१० (काचेचे तंतू घालून बनवलेलं कडक साहित्य) सारख्या मुठीवर खरखरीत पोत दिलेला असतो, हातासाठी तो उत्तम, पण क्लिपच्या टोकाखाली तोच पोत कानस होतो. दिवसाला पंधरा वेळा वस्तू काढली-ठेवली तर कापड तीस वेळा घासलं जातं, म्हणजे वर्षाला दहा हजारांहून जास्त घासण्या, आणि त्या सगळ्या त्याच एक सेंटिमीटर जागेवर. कापड किती टिकणार!

सोपा उपाय आधी. क्लिपच्या टोकावर हीट श्रिंक नळीचा छोटा तुकडा चढवा, इलेक्ट्रिकच्या तारांवर घालतात आणि तापवली की आकसून घट्ट बसते ती. टोक गुळगुळीत होतं, गाडीच्या रंगावर चरे पडायचेही कमी होतात. ती दोन-चार महिन्यांत झिजते, बदलायची. एवढ्याने भागलं नाही तर मुठीचा फक्त क्लिपखालचा भाग घासून गुळगुळीत करायचा. क्लिप काढा, क्लिपच्या टोकाखालचा चौकोन सोडून बाकी सगळीकडे चिकटपट्टी लावा, ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून घासा, मग ६०० नंबर. ओलाच घासायचा, हे मी कळकळीने सांगतोय, कारण जी-१० मध्ये काचेचे तंतू असतात आणि त्याची कोरडी धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही. मास्क लावा, झाल्यावर सगळं ओल्या फडक्याने पुसून घ्या. ॲल्युमिनियमच्या रंगीत मुठीवर हे करू नका, वरचा थर गेला की खालचा पांढरा धातू उघडा पडतो.

ज्या पँटचा खिसा आधीच विरलाय तिला आतून जाड कापडाची पट्टी शिवून घ्या. शिंप्याला "खिशाच्या कडेला आतून ठिगळ, वरून दिसायला नको" एवढं सांगितलं की कळतं, आणि पट्टीमुळे पकडही सुधारते.

स्प्रिंगचा ताण, म्हणजे वाकवणं

वरचं सगळं झालं आणि तरी क्लिप फार सैल किंवा फार घट्ट असेल तरच इथे या. एक सल्ला सगळीकडे मिळतो, की घट्ट क्लिपखाली पुठ्ठ्याची घडी घालून रात्रभर ठेवा. मी हे कितीतरी वेळा करून बघितलं, सकाळी क्लिप होती तशीच. आणि ते बरोबरच आहे, स्प्रिंगचा धातू ठरावीक मर्यादेच्या आत कितीही वेळ ताणून ठेवला तरी सोडला की मूळ जागेवर येतो, म्हणून तर तिला स्प्रिंग म्हणायचं. कायमचा बदल हवा असेल तर ती मर्यादा थोडी ओलांडावीच लागते.

क्लिप चाकूवरून काढा. ही पायरी गाळू नका. चाकूवर असताना वाकवली तर सगळा जोर त्या दोन स्क्रूंवर आणि आट्यांवर येतो, स्क्रू उपटून निघालेले मी स्वतः बघितलेत. क्लिप शिकंज्यात किंवा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरा, अंगठ्याने हळू दाबा, सोडा, चाकूला लावून बघा, परत थोडं. एका वेळी अर्धा मिलिमीटरचा फरक पडला तरी खूप. टायटॅनियमची क्लिप असेल तर हाताला फसवते, ती स्टीलच्या मानाने जवळपास निम्मीच कडक असते, त्यामुळे सहज वाकल्यासारखी वाटते आणि सोडली की बरीचशी परत येते. जोर वाढवताना ती एकदम जास्त वाकते, म्हणून तिथे आणखी सावकाश. आणि सळईतून कोरून काढलेली जाड क्लिप असेल तर वाकवूच नका, ती वाकण्यासाठी बनवलेली नाही.

एकच क्लिप दोनदा-तीनदा इकडून तिकडे वाकवून झाली असेल तर थांबा. एका खुर्चीच्या हाताखालच्या फटीत माझी क्लिप शिरली होती, मी उठलो, टक् असा आवाज आला, क्लिप गळासारखी बाहेर वळलेली. सरळ केली, आठवडाभर चालली, मग परत एकदा अडकली, परत सरळ केली, आणि त्यानंतर एका सकाळी ती नुसती बोटाच्या दाबाने स्क्रूजवळच्या वळणावर तुटली. चाकू हातात होता म्हणून बरं, रस्त्यात असता तर गेला असता. तेव्हापासून वाकलेली क्लिप सरळ केल्यावर मी त्या वळणावर काळ्या मार्करने रेघ मारतो आणि लगेच स्पिरिटच्या फडक्याने पुसतो. शाई पूर्ण निघाली तर ठीक. केसाएवढी काळी रेषा मागे राहिली तर तिथे तडा आहे, शाई आत शिरलीय. ती क्लिप फेकून द्या, नवीन घ्या.

तळहातावर वळ येत असेल तर

क्लिप दुसऱ्या बाजूला किंवा दुसऱ्या टोकाला लावायची भोकं आहेत का बघा, जागा बदलली की पुष्कळदा सुटतो प्रश्न. तिच्या कडा धारदार असतील तर बारीक पेपरने मारून घ्या. ज्याला खरोखर तासन् तास चाकू वापरायचाय त्याने क्लिप काढूनच टाकावी असं माझं मत आहे. स्पायडर्को या चाकूच्या कंपनीने १९८१ मध्ये खिशाच्या क्लिपचा चाकू आणला तेव्हापासून क्लिप ही चाकूची जणू ओळखच झालीय, पण ती वागवायच्या सोयीसाठी आहे, कापायच्या सोयीसाठी नाही. कातडी किंवा कापडी पाऊच, नाहीतर नुसता खिशाचा तळ, दोन्ही चालतं.

पण क्लिप काढताना एक धोका कुणी सांगत नाही. मी एकदा क्लिप काढली आणि भोकं रिकामी दिसायला नकोत म्हणून तेच स्क्रू परत घट्ट बसवले. दुसऱ्या दिवशी पातं उघडताना कर्र असं काहीतरी जाणवलं, बघतो तर पात्याच्या अंगावर दोन समांतर चकचकीत ओरखडे. क्लिपच्या जाडीएवढा स्क्रू आता जास्त आत गेला होता आणि त्याचं टोक मुठीच्या आतल्या बाजूला बाहेर आलं होतं. क्लिप काढली तर स्क्रूही काढून डबीत ठेवा, किंवा आखूड स्क्रू लावा, आणि चाकू उघडून आत उजेड मारून बघा.

पातं उघडं सापडलं, टॉर्च पेटलेली सापडली

क्लिपमुळे वस्तू खिशात एकाच दिशेने टांगलेली राहते, म्हणून चूक झाली तर ती रोज त्याच जागी होते. पात्याचं टोक वर राहील अशी क्लिप असेल तर पातं बंद ठेवणाऱ्या खटक्याची ताकद फार महत्त्वाची. तपासायला चाकू बंद करा, गादीवर किंवा जाड टॉवेलवर धरून, बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून, मनगटाने दोन-तीन मध्यम झटके द्या. पातं हललं तर तो चाकू टोक वर ठेवून वागवू नका. टोक खाली राहील अशी भोकं असतील तर तिकडे क्लिप लावा, नसतील तर पाऊच. आणि पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकू द्या, उघडायला जागाच उरत नाही. खटका सैल आहे म्हणून तो स्वतः वाकवायच्या फंदात पडू नका, तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे वापरताना बोटावर बंद होणारं पातं.

टॉर्चचं मागचं बटण बसताना दाबलं जातं. १८६५० या जाड लिथियम सेलची जोरदार टॉर्च खिशात पूर्ण प्रकाशावर पेटली तर हवा लागत नसल्याने काच काही मिनिटांत तापते, कापडाला भोक पाडते, मांडी भाजते. मागचं झाकण पाव फेरा सैल करून बटण दाबा, पेटली नाही तर रोज असंच ठेवायचं, हेच तिचं कुलूप. हे फक्त आट्यांवर विजेला अडवणारा रंगाचा थर असेल तरच चालतं, म्हणून करून बघूनच विश्वास ठेवा. टॉर्चची क्लिप बहुतेक नुसती दाबून बसवलेली असते, ती उलट लावता आली तर बटण खाली जातं आणि दाबलं जायचं थांबतं. तीच सैल झाली असेल तर काढून तिची कडी थोडी आवळा, पण टॉर्चवर असताना नाही, नळीला पोचा पडेल.

कुठे थांबायचं

स्क्रूची खाच गोल झाली असेल तर रुंद रबरबँडचा तुकडा मध्ये ठेवून बिट दाबून फिरवा. नाही निघाला तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवून मग लगेच फिरवा, निळा थ्रेडलॉकर मऊ होतो. प्लास्टिकच्या मुठीवर हे आयर्न नको. हे दोन प्रयत्न, तिसरा नाही. त्यानंतर ड्रिल हातात घेऊ नका, २ मिमीच्या स्क्रूवर ड्रिल हमखास घसरतं. बारीक काम करणारा लेथवाला किंवा घड्याळ दुरुस्त करणारा यांच्याकडे द्या.

स्क्रू आत तुटला, भोकातले आटे गेले, स्क्रूबरोबर धातूची बारीक तार बाहेर आली, तर तेही त्यांचंच काम, नवीन आटे पाडावे लागतात. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा, बऱ्याच कंपन्या नुसती क्लिप आणि स्क्रू वेगळे देतात, आणि तुम्ही चाकू पूर्ण खोललेला असेल तर वॉरंटी नाकारूही शकतात. खटका, लॉक, पात्याची खिळी यात दोष वाटला तर चाकू बंद करून बाजूला ठेवा आणि कंपनीकडेच पाठवा. टॉर्चच्या नळीला पोचा पडून सेल आत अडकला असेल तर तो ठोकून किंवा उचकून काढू नका, लिथियमचा सेल दबला तर पेट घेतो. आणि खिशात उघडलेल्या पात्याने हात खोल कापला असेल, दाबून धरूनही रक्त थांबत नसेल किंवा बोट बधिर वाटत असेल तर घरच्या घरी पट्टी बांधून बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

नवीन क्लिप लावली की पहिल्या आठवड्याने एकदा बोटाने ढकलून बघा, मग महिन्यातून एकदा. मी टॉर्चचा सेल चार्जिंगला लावतो तेव्हाच बघून घेतो.